ओहोटी काही अकराला येत नाही

पत्रात लिहिलं होतं, ‘सकाळी ठीक 10.30 वाजता उपस्थित राहावे. चहापानाची व्यवस्था करण्यात आली आहे.’ खाली सही, शिक्का, आणि प्रत माहितीस्तव. विषय होता किनारी परिसराचा अभ्यास. पत्र शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर पडलं आणि पाच मिनिटांत एका बाईंनी खाली लिहिलं, ‘त्या दिवशी वद्य तृतीया आहे. साडेदहाला पाणी निम्मं चढलेलं असेल. बघायचं काय, लाटा?’

त्यावर चारपाच जणांनी हसरे चेहरे टाकले, एकाने हात जोडलेले टाकले. कुणीच काही ठरवलं नाही. मग त्याच बाईंनी आणखी दोघांना हाताशी धरून परस्पर निरोप फिरवला : ज्यांना खरंच यायचंय त्यांनी पहाटे सहाला किनाऱ्यावर या, ओहोटी पावणेसातला आहे. साडेदहाला आपण हॉलमध्ये हजर असूच.

बावीस जण आले. फेब्रुवारीतली सकाळ, रत्नागिरी जिल्ह्यातला एक खडकाळ किनारा. अंगाला बोचेल असा वारा होता. बॅटऱ्या, मफलर, एकदोघींच्या हातात शाळेच्या बॅगा, कारण इथून तडक हॉलवर जायचं. मी वही घेऊन त्यांच्या मागे. दिवाळी अंकासाठी शिक्षक-प्रशिक्षणावर लिहायचंय असं सांगितलं तेव्हा एका गुरुजींनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. “दुसरा विषय नाही मिळाला का हो?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. प्रशिक्षण या शब्दाचं शिक्षकांच्या तोंडी जे झालंय ते फारसं वाचनीय नाही. पडद्यावर सरकणाऱ्या स्लाइड, गटचर्चा, तक्त्यावर स्केचपेनने लिहिलेले मुद्दे, गटाचा फोटो, मग लिंक भरणं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. 2019 मध्ये देशभर ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झालं, पुढे बराचसा भाग ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन आला. पन्नास तास ही काही वाईट कल्पना नाही. पण तासांचा हिशेब ठेवणं सोपं असतं म्हणून तासच मोजले जातात. त्यातला एक तास पहाटे पावणेसातचा असू शकतो, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्या बाविसांत एक सर बीड जिल्ह्यातले होते. कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये असे पुष्कळ भेटतात : मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून आलेले, डोंगराच्या कुशीतल्या नाहीतर खाडीकाठच्या दोनशिक्षकी शाळेत रुजू झालेले आणि आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेले. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि शेवाळावरून एकेक पाऊल असं टाकत होते की जणू खालचा खडक कुणाच्या मालकीचा आहे. म्हणाले, “आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं. इथं ते दिवसातून दोनदा आपापलं येतं अन् आपापलं जातं. पहिल्या वर्षी मी नुसतं बघत बसायचो.”

त्यांची अडचण वेगळीच होती. वर्गात सतरा मुलं, त्यातली बारा मच्छीमारांची. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपल्याकडे जिल्ह्यानुसार निघतं, तेव्हा निदान पुस्तकात तरी समुद्र येतो. पण मुलांना पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक. सर ‘मासा’ म्हणाले की मुलं विचारणार, कुठला? बांगडा, तारली, पेडवे, लेप, शिंगाळा, मुशी, पाकट? सरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर काढलेल्या माशाला एका मुलाने शांतपणे हरकत घेतली होती : “सर, ह्याचे पर चुकीच्या जागी हायत.” सर हे हसून सांगत होते. पण त्या वेळी हसले नसावेत. त्या दिवसानंतर वर्षभर त्यांनी समुद्राचा विषय काढला नाही, पाठ आला की वाचून दाखवून पुढे गेले.

मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. आपण समजतो की शिक्षकाला माहिती कमी पडते, म्हणून ती पुरवावी. माहिती फोनवर पडलेली असते. शिक्षकाला धास्ती असते ती वर्गासमोर उघडं पडण्याची. ती घालवायला पन्नास स्लाइडचा काही उपयोग होत नाही, उलट ती वाढते.

तेवढ्यात पुढे गेलेल्या बाईंनी हाक मारली. खडकातल्या पाटीएवढ्या खळग्यात पाणी राहिलं होतं. नजर बसेपर्यंत त्यात काहीच दिसत नव्हतं. मग एक शंख चालू लागला. शंखाच्या तोंडातून पाय बाहेर आले, थांबले, पुन्हा चालले. शंख गोगलगाईचा, भाडेकरू खेकडा. खळग्याच्या कडेला हिरवट तपकिरी समुद्रफूल होतं, एकीने त्याला बोटाने हलकेच शिवलं तसं ते मिटलं आणि नुसता बुळबुळीत गोळा उरला. एका गुरुजींनी शेजारचा दगड उलटा केला. खाली चपटा खेकडा, पांढऱ्या नळ्या, नारिंगी रंगाचा स्पंजाचा थर. “आता तो होता तसा ठेवा,” बाई म्हणाल्या. गुरुजींनी ठेवला, पण उलटाच. त्यांना पुन्हा ठेवायला लावलं. दगडाच्या खालची वस्ती सावलीतली आणि ओलीतली, तिला उन्हात ठेवून आपण निघून गेलो तर संध्याकाळपर्यंत ती मेलेली असते. हा नियम हॉलमध्ये सांगितला असता तर तक्त्यावर ‘दगड पूर्ववत ठेवावेत’ असा सातवा मुद्दा झाला असता.

बाईंनी सायकलच्या चार तारा वाकवून एक फुटाची चौकट केली होती. ती खडकावर वरून खाली अशी सहा ठिकाणी ठेवायची आणि आत काय काय, किती, ते मोजायचं. वर जवळजवळ काहीच नाही, खडकाच्या चिरेत बसलेले तुरीच्या डाळीएवढे शंख. मधे कालवांची दाट वस्ती, धारदार, दोघांच्या चपलांचे पट्टे तिथेच गेले. खाली शेवाळ आणि मऊ, चामड्यासारखे थर. पट्टे इतके ठळक की आखल्यासारखे. असे पट्टे का पडतात? एकजण म्हणाले, वरच्यांना पाणी कमी मिळतं. बरोबर. मग खालच्यांनी वर यायचं नाही हे कळलं, पण वरच्यांनी खाली का येऊ नये? तिथे तर पाणीच पाणी.

कुणाला सांगता येईना. जोसेफ कॉनेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हाच प्रश्न स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर धरला होता. तिथे बार्नेकलच्या, म्हणजे खडकाला कायमच्या चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांच्या, दोन जाती दोन पट्ट्यांत राहतात. त्याने खालच्या पट्ट्यातले दांडगे बार्नेकल हाताने काढून टाकले, आणि वरच्या पट्ट्यातली जात खाली अगदी आरामात वाढली. म्हणजे वरची हद्द ऊन ठरवतं आणि खालची हद्द शेजारी. 1961 सालचा हा निबंध आज जगभर शिकवला जातो, आणि त्यासाठी लागलेलं सामान पाहिलं तर ते जिल्हा परिषदेच्या शाळेला परवडेल असं आहे. बीडचे सर हे ऐकून एकदम खुलले. “म्हणजे बांधावरूनच भांडण आहे की हे!”

खडकाच्या टोकाला एक बाई कालवं काढत बसली होती. तिने इतका वेळ आमच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. शिक्षिकेने तिला विचारलं, मावशी, कालवं वरच्या खडकावर का नाही होत? मावशीने हातातलं टोकदार लोखंड थांबवलं. “वरची बारकीच रवतात. आनि खालची उचलायला शंख येतात ना. भोक पाडून खातात.” शिंपल्याला भोक पाडून आतलं मांस खाणारे शंख असतात, हे प्राणिशास्त्राच्या पदवीला असतं. मावशीला पगार नाही आणि प्रमाणपत्रही नाही. त्या दिवशीच्या तज्ज्ञ मार्गदर्शकांच्या मानधनाच्या यादीत तिचं नाव अर्थातच नव्हतं.

शिक्षकाने वर्गात ‘मला माहीत नाही, चला शोधू’ म्हणावं, यावर या देशात एक मोठा प्रयोग होऊन गेलाय. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी 16 उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान प्रयोगातून शिकवायला घेतलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ तिथे येऊन गावच्या मास्तरांबरोबर जमिनीवर बसले. उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांची शिबिरं व्हायची, आणि त्यांत शिक्षकांना व्याख्यान नसे. मुलांनी जे प्रयोग करायचे तेच आधी शिक्षकांनी करायचे, चुकायचे, भांडायचे. नंतर दर महिन्याला एकत्र बसून काय फसलं ते सांगायचं. परीक्षा पुस्तक उघडं ठेवून. मुलांच्या प्रश्नांच्या पत्रांना ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र उत्तर द्यायचं. 1978 ला प्रयोग जिल्हाभर पसरला, 1982 ला एकलव्य संस्था त्यातून उभी राहिली, आणि 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबली.

मला त्यातली मासिक बैठक सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याकडेही केंद्रपातळीवर शिक्षण परिषद असते. कागदावर तीच गोष्ट. पण तिथे फसलेला पाठ कुणी सांगत नाही, कारण समोर केंद्रप्रमुख असतात आणि प्रत्येकाला गोपनीय अहवाल असतो.

पर्यावरण शिक्षण आपल्या शाळांत आलं तेही कोर्टाच्या दारातून. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1991 मध्ये ते सक्तीचं करायला सांगितलं, आणि अंमलबजावणी होईना म्हणून डिसेंबर 2003 मध्ये पुन्हा सुनावलं. सक्ती झाली, गुण आले, आणि गुणांबरोबर प्रकल्पवही आली. चिकटवलेलं व्हेल, चिकटवलेलं ध्रुवीय अस्वल, कोपऱ्यात ‘पाणी वाचवा’. सायबर कॅफेतून छापून आणलेल्या त्या व्हेलला कोकणातलं मूल देवमासा म्हणत नाही. त्याच्या आजोबांनी पाहिलेला तो देवमासा, आणि वहीतला हा चित्रातला.

बाहेरही हाच झगडा झाला आहे. अमेरिकेत 1996 साली विज्ञान शिक्षणाची राष्ट्रीय मानकं आली, त्यांत समुद्र जवळपास नव्हताच. चिडलेले समुद्रशास्त्रज्ञ आणि शिक्षक 2004 मध्ये एकत्र बसले आणि त्यांनी ‘ओशन लिटरसी’ची सात तत्त्वं लिहिली. पृथ्वीवर एकच मोठा महासागर आहे, हे पहिलं. समुद्राचा बराचसा भाग अजून धुंडाळलेला नाही, हे सातवं. तिथल्या ‘टीचर अॅट सी’ कार्यक्रमात 1990 पासून शेकडो शिक्षकांना संशोधन जहाजांवर पाठवलं गेलंय. शिक्षक तिथे पाहुणा नसतो, पाळीने मासे मोजतो आणि बर्फाच्या पेट्या उचलतो. युनेस्कोने ही तत्त्वं पुढे जगभर नेली, आणि 2021 ते 2030 हे तर समुद्रविज्ञानाचं दशकच आहे. सातांपैकी सहावं तत्त्व समुद्र आणि माणूस यांच्या अतूट संबंधाचं. कोकणात शिकवायला सगळ्यांत अवघड तेच. त्याकडे येते.

साडेदहाला सगळे हॉलमध्ये होते, पँटचे पाय ओले. स्लाइड सुरू झाल्या. अर्ध्या तासाने वीज गेली, आणि प्रशिक्षण त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. एका निवृत्तीला आलेल्या गुरुजींनी फळ्यावर जुना आडाखा मांडला. किनाऱ्यावर तो पिढ्यान् पिढ्या चालत आलाय : तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. भरती सहाला, ओहोटी बाराच्या सुमाराला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बीडच्या सरांनी हात वर केला. “गुरुजी, पौर्णिमेला पंधरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. अन् अमावास्येला शून्य, म्हणजे बारा. दोन्ही दिवशी भरती एकाच वेळी येते ना? मग पाऊण तास गेला कुठं?”

हॉल गप्प झाला. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर वापरलेल्या आडाख्यात भोक होतं आणि ते आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग पुढची चाळीस मिनिटं जे चाललं ते मी इतक्या प्रशिक्षणांत कधी पाहिलं नाही. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो. पण तिथी आणि दिवस एक नाहीत, साडेएकोणतीस दिवसांत तीस तिथ्या बसवायच्या असतात, म्हणजे तिथी थोडी आखूड. तेव्हा तिथीमागे 48 मिनिटं. पंधरा गुणिले 48, सातशे वीस, बरोब्बर बारा तास! म्हणजे पाऊणपट नव्हे, चार-पंचमांश हवेत. मग जाणत्यांनी पाऊण का धरली? गुरुजी म्हणाले, “आम्हाला पाऊणकी पाठ होती ना. पावकी, निमकी, पाऊणकी. चार-पंचमांशाचा पाढा कुणाला येतोय होडीत बसून?” माझं मत गुरुजींच्या बाजूने. दर्यावर पाऊण तासाची चूक खपते, मनातल्या मनात न होणारं गणित खपत नाही.

मग कुणीतरी फोनवर भरतीचं सरकारी कोष्टक काढलं आणि चार-पंचमांशही नेमके जुळेनात. उधाणाच्या दिवसांत रोजचा उशीर 48 मिनिटांपेक्षा कमी भरतो आणि भांगेच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तास उलटून जातो, कारण ओढणारा एकटा चंद्र नसतो, सूर्यही असतो. शिवाय हा आडाखा मुंबईला जवळचा. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर चढत जाते, त्यामुळे रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी पोचते. उंचीही सारखी नाही. गोव्यात उधाणाचं पाणी सव्वादोन मीटरच्या आसपास, मुंबईत साडेचारच्या वर, आणि पुढे खंभातच्या आखातात निमुळत्या तोंडात कोंडल्यामुळे भावनगरला दहा मीटर. वीज आली तेव्हा कुणी स्लाइडकडे पाहिलं नाही. प्रशिक्षकांनी, त्यांचं कौतुक करायला हवं, प्रोजेक्टर बंद केला.

ते सहावं तत्त्व दुपारच्या सत्रात आलं. बाईंनी कंपासपेटीतली पट्टी बाहेर काढली. 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, बांगडा 110, सुरमई 370. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. बाईंचा पाठ एवढाच : पंधरा सेंटीमीटरची पट्टी घरी न्या, आज आईने आणलेला मासा तोंडापासून शेपटीपर्यंत मोजा, उद्या वहीत लिहून आणा. पापलेटची हद्द पट्टीच्या आत बसते, बोंबलाला फुटपट्टी लागते, सुरमईला तीही पुरत नाही. मिलिमीटर-सेंटीमीटर, सरासरी, स्तंभालेख, सगळं त्यात येतं. दोन वर्षं त्या हा पाठ घेतायत.

पहिल्या वर्षी एका मुलीने वहीत सलग आठ पापलेटं लिहून आणली, सगळी तळहाताएवढी. वर्गात कुणीतरी म्हणालं, हिच्या बापाने पिल्लं मारली. मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. बाई तिच्या घरी गेल्या. बापाने शांतपणे सांगितलं, बाई, आमच्या जाळ्याचे आस तुम्ही मोजा. रात्रीला बारा मैलांच्या आत दिवे लावून कोण येतं, तेही मोजा. एलईडीच्या उजेडात मासेमारी करायला केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली आहे, पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 मध्ये मर्यादा घातल्या. पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या बोटी यांचं भांडण मुलांच्या जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोचलेलं असतं, आणि एका वर्गात दोन्हीकडची मुलं असतात. बाईंनी दुसऱ्या वर्षी पाठ बदलला. माशाबरोबर जाळ्याचे आसही मोजायचे, मासा कुठून आणला तेही लिहायचं, आणि नाव कुणाचंच लिहायचं नाही.

हे ऐकताना हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघं लिहून घेत होते. एका शिक्षकाने विचारलं, “गावातून कुणी तक्रार केली तर?” बाई म्हणाल्या, “केली होती.” एवढंच म्हणाल्या.

किनाऱ्यावरच्या बाकीच्या कहाण्या आता बऱ्याच जणांना माहीत आहेत. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून कासवाची अंडी राखायला घेतली, आणि वाळूचं तापमान वाढलं की माद्या जास्त जन्मतात हे आता तिथल्या पोरांनाही सांगता येतं. राज्याने 2012 मध्ये कांदळवन कक्ष काढला, 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष केलं. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी 2017 पासून ओहोटीला लोकांना खडकावर नेतात. हे सगळं चांगलंच आहे. पण वेळासचं कासव पाहायला शाळेची सहल जाते, आणि शाळेच्या मागच्या खाडीतला निवटी मासा पाहायला कुणी जात नाही. सहलीला परवानगी लागते, बस लागते, पालकांचं संमतीपत्र लागतं. मागच्या खाडीलाही हल्ली लागतं म्हणे.

एप्रिलमध्ये मी बीडच्या सरांच्या शाळेत गेले. शाळा समुद्रावर नाही, खाडीने आत पाचसहा किलोमीटरवर. भिंतीला टेकवून सायकलच्या तारांच्या दोन चौकटी ठेवलेल्या, एक गंजलेली. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात वार, दिनांक, सुविचार, पट 17, हजर 15. त्याखाली नवीन ओळ : ‘आजची ओहोटी’. सरांनी फोनवरून रत्नागिरीची वेळ पाहून लिहिली होती, दुपारी 2.10.

चौथीतली एक मुलगी डस्टर घेऊन उठली. सरांकडे न बघताच तिने आकडा पुसला.

“सर, हे बंदरातलं झालं. आपल्या खाडीत पानी उतरायला उशीर लागतो. काल पन तुमी चुकलात.”

“किती उशीर?” सरांनी विचारलं.

तिने खांदे उडवले. “मोजूया ना.”

सरांनी दोन वाजता शाळेला कुलूप घातलं आणि आम्ही सतराजण खाडीकडे निघालो.